प्रश्न तुमचे: गमबुटातली ऊब नेमकी असते कुठे?

गव्हाच्या पाण्याची पाळी रात्री आली की माळव्यातल्या शेतकऱ्याला पौष महिन्यात घोटाभर चिखलात उभं राहावं लागतं. शीतगृहातल्या हमालाला तर बारा महिने पौषच. त्यामुळे अस्तर लावलेल्या गरम गमबुटांबद्दल पत्रं येत असतात. या खेपेला बहुतेक पत्रं ते बनवणाऱ्यांची आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमचं साध्या गमबुटांचं छोटं युनिट आहे. थंडीसाठी वेगळा बूट काढला आणि वरच्या भागाचं रबर २ मिमीऐवजी ३ मिमी केलं. वजन वाढलं, भाव वाढला, पण गिऱ्हाईक म्हणतं, पाय तेवढेच गार पडतात. चुकलं कुठे?
— एक लघुउद्योजक, सांवेर रोड, इंदूर

रबरावर भरवसा ठेवलात, तिथेच. रबर पाणी अडवतं, थंडी नाही. ऊब धरते ती अडकून पडलेली कोरडी हवा. लोकर, फेल्ट, फोम ही सगळी हवा जागच्या जागी धरून ठेवायची साधनं. हिशेब करून पाहा. रबराची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला साधारण ०.१६ वॉट, लोकरी फेल्टची ०.०४ ते ०.०५, स्थिर हवेची ०.०२५ आणि पाण्याची ०.६. म्हणजे ६ मिमी फेल्ट जेवढी थंडी रोखतं, तेवढी रबराने रोखायची तर रबर २० मिमीच्या वर जाड लागेल. तुम्ही १ मिमी वाढवलंत.

त्याच आकड्यांमधून दुसरीही गोष्ट कळते. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता पळवतं, म्हणून भिजलेलं अस्तर असून नसल्यासारखंच. घामाने भिजलं तरी तेच.

तेव्हा रबर पुन्हा १.५ ते १.८ मिमीवर आणा. टाच, चवडा आणि घोट्याची घडी इथे जादा पट्टी द्या, आणि वाचलेलं वजन अस्तरात घाला. त्याआधी सोलकडे बघा. उभ्या माणसाची बरीचशी उष्णता तळव्यातून जाते, आणि तिथलं फेल्ट वजनाखाली दबून निम्मं होतं. खाली न दबणारं काहीतरी लागतं: ५ ते ६ मिमीचा बंद पेशींचा ईव्हीए फोम किंवा घट्ट सुईकाम केलेलं फेल्ट, आणि त्यावर मऊ इनसोल. चकचकीत चंदेरी फॉइल लावलेले इनसोल बाजारात खपतात खरे. पण फॉइल उष्णता परतवते ती समोर मोकळी हवा असेल तरच. पायाखाली चेपलेली फॉइल म्हणजे नुसती शोभा.

फर असलेलं अस्तर फर्म्यावर चढवून त्यावर रबर बसवलं आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भट्टीत) घातलं. बूट छान निघाले, पण आतली फर पापडासारखी चपटी. निओप्रीन फोमचं अस्तर करून पाहिलं तर ५ मिमीचं २ मिमी होऊन निघालं. उपाय काय?
— दोन पत्रं: पोलोग्राउंड, इंदूर आणि मकरपुरा, वडोदरा

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. हाताने रचलेल्या गमबुटात अॅल्युमिनियमच्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या आपल्या कालबुतावर, आधी अस्तराचा मोजा चढतो. मग इनसोल, टाचेची व चवड्याची आधारपट्टी, वरचं रबर, कडेची पट्टी आणि सोल, सगळं सोल्युशन (विरघळवलेल्या रबराचा गोंद) लावून, रोलरने दाबत बसतं. वार्निशचा हात झाला की गाडी ऑटोक्लेव्हमध्ये जाते आणि साधारण १३० ते १४० अंशांवर तास-सव्वा तास, चौरस सेंमीला ३ किलोच्या आसपास हवेच्या दाबाखाली शिजते, म्हणजे रबर पक्कं होतं. हा दाब काढून चालत नाही. तो नसेल तर रबरातली हवा आणि ओल फुगून पृष्ठभागावर फोड येतात, जोड उघडतात.

पण जो दाब फोड रोखतो, तोच तुमची ऊब मारतो. गेजवर ३ किलो म्हणजे वातावरणाचा धरून एकूण ४ किलो. बॉईलच्या नियमाने फोमच्या बंद पेशीतली हवा पाव होते. उष्णतेने थोडी फुगते, पण फोम चेपलेल्या अवस्थेतच गरम राहतो आणि तोच आकार कायमचा धरतो. फरचं असंच: वरून रबर, खालून धातू आणि मध्ये १३५ अंश. अॅक्रिलिकची फर तर या तापमानाला नरमते, आकसते आणि पुन्हा उभी राहत नाही. पॉलिएस्टर थोडं बरं. आधी उष्णतेने स्थिर केलेलं असेल तर ब्रशने निम्मंअर्धं उठतं.

सरळ उपाय असा की जाड अस्तर भट्टीत पाठवूच नका. फर्म्यावर फक्त पातळ विणीचं अस्तर चढवा, सुती किंवा सुती-पॉलिएस्टर होजिअरी. ते बुटाला आधार देतं आणि रबराला धरून ठेवतं. बूट शिजून, निघून, तपासून झाला की त्यात स्वतंत्र शिवलेला फेल्टचा मोजा घाला. तो बाहेर काढून वाळवता येतो, ही त्याची खरी किंमत. शिवण तळव्यात किंवा टाचेच्या मागे नको, बाजूने घ्या, नाहीतर आठ तासांत फोड येतात, या वेळी माणसाच्या पायाला. वरच्या काठाला २ सेंमीची दुमड ठेवा म्हणजे चालताना मोजा खाली सरकत नाही.

निओप्रीनचं अस्तर कायमचं हवं असेल तर शिजलेल्या बुटात ते मागाहून चिकटवा. बुटाच्या आतलं कापड आणि फोम दोन्हींना निओप्रीनचंच सोल्युशन, दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. बोटाच्या मागच्या बाजूला चिकटल्यासारखं वाटेल पण सोल्युशन बोटावर उतरणार नाही, तेव्हा बसवायचं. चवड्यापासून टाचेकडे या. उलट आलात तर चवड्यात सुरकुती अडकते आणि ती नंतर कोणाच्या बापाला निघत नाही.

आत फेल्टचा मोजा घालायचा तर फर्मा केवढा मोठा घ्यायचा? एक नंबर वाढवला तर बोटं दबतात.
— सुदामानगर, इंदूर

लांबीपेक्षा घेर जास्त वाढतो, हे बहुतेक जण विसरतात. सगळीकडून ६ मिमी फेल्ट आलं की पंजाचा घेर २ गुणिले ३.१४ गुणिले ६, म्हणजे जवळजवळ ३८ मिमी वाढतो. फेल्ट थोडं दबतं हे धरून फर्म्याचा घेर २५ ते ३० मिमी जादा घ्या, पावलाच्या उंचवट्यापाशीही. लांबीत १० मिमी पुरतात, म्हणजे पॅरिस मापाने (एक नंबर ६.६७ मिमी) दीड नंबर. नुसता पुढचा नंबर घेतला तर लांबी येते पण घेर येत नाही. फेल्ट चेपतं, हवा जाते, रक्ताभिसरण अडतं आणि गरम बूट साध्यापेक्षा गार लागतो.

फर्मा बनवून घेताना आणखी एक. अॅल्युमिनियम तापल्यावर वाढतं. २८ सेंमीचा फर्मा ३० अंशांवरून १३५ अंशांवर गेला की सुमारे पाऊण मिमी लांब होतो. फार नाही, पण ताणून बसवलेल्या कडेच्या पट्टीचा जोड उकलायला तेवढं पुरतं. पट्टी ताणून नव्हे, ठेवून बसवा.

मार्च ते जून माल उत्तम. जुलै लागला की अस्तर रबरापासून सुटतं, बाहेरून बारीक फोड येतात. रबर तेच, सोल्युशन तेच, कारागीर तेच.
— एक वर्क्स मॅनेजर, देवास

हवा तीच नाही ना! ओल तीन वाटांनी आत शिरते.

पहिली वाट अस्तराची. सुती कापड ६५ टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतं, पावसाळ्यात त्याहून बरंच जास्त. लोकर १६ टक्क्यांच्या आसपास धरते, नायलॉन ४, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. १३५ अंशांवर या पाण्याची वाफ होते. ती रबरातून बाहेर पडू शकत नाही, मग कापड आणि रबर यांच्यात घर करते. खात्री करायची असेल तर मीटरभर कापड वजन करा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, पुन्हा वजन करा. फरक ३ टक्क्यांवर असेल तर ते कापड कॅलेंडरवर (कापडावर रबर चढवणाऱ्या रोलांच्या यंत्रावर) जाता कामा नये. फ्रिक्शनिंगच्या, म्हणजे कापडात रबर घासून बसवण्याच्या, आधी गरम ड्रमवरून काढा आणि गरम असतानाच रबर चढवा. वाळवून रात्रभर उघड्यावर ठेवलंत तर सकाळी ते होतं तिथेच.

दुसरी वाट भरणद्रव्याची. व्हायटिंग (खडूची पूड) आणि चायना क्लेच्या गोण्या फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात. क्ले ओल पिते. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, आणि फोडलेली गोणी त्याच दिवशी संपवा.

तिसरी वाट सगळ्यांत फसवी, कारण ती तुमच्या डोळ्यांदेखत होते. सोल्युशनमधला नॅफ्था (रबर विरघळवणारं द्रावक) उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी दवासारखं त्यावर बसतं. तिरप्या उजेडात पाहिलंत तर सोल्युशनची चकाकी जाऊन धुरकट साय आल्यासारखी दिसते. त्यावर दुसरा थर बसवला की तो चिकटल्यासारखा भासतो, ऑटोक्लेव्हमधून बाहेर येतो तो सुटलेला. रचाईची खोली बंद करून आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत आणा, किंवा निदान सोल्युशन लावलेले भाग ४० ते ४५ अंशांच्या कोमट हवेत वाळवा. मात्र नॅफ्थाची वाफ पेट घेते. उघडी शेगडी, साधा पंखा, ठिणगी उडणारं बटण त्या खोलीत चालणार नाही.

इतकं करूनही जोड सुटत असेल तर झिंक स्टिअरेट तपासा. शीट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावतात, ते पुसायचं राहिलं तर चांगल्यात चांगलं सोल्युशनही काही करू शकत नाही. जोडाची बाजू नॅफ्थाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं दर वीस-पंचवीस जोड्यांनी बदला. मळकं फडकं स्टिअरेट पुसत नाही, सारवतं.

रोलर फिरवताना बुडबुडा दिसला तर बारीक सुईने तिरपं टोचा, कडेकडून मध्याकडे हवा काढा, पुन्हा रोलर फिरवा. सुई सरळ घातली की अस्तरापर्यंत जाते आणि तिथे गळतं.

वरच्या भागाचा आणि सोलचा साधारण नुसखा द्याल का? मे महिन्यात आमचा माल मिलवरच (रबर मळायच्या रोलांवर) जळतो, हाही प्रश्न आहेच.
— सांवेर रोड, इंदूर

सुरुवात करण्यापुरता देतो. पक्का तुमच्या कच्च्या मालावर ठरेल. वरच्या भागाला: नैसर्गिक रबर (धुरावलेल्या शीटची आरएसएस-४ प्रत चालेल) १०० भाग, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक अॅसिड १.५, एफईएफ जातीचं कार्बन ब्लॅक २५, व्हायटिंग ३५ ते ४०, प्रोसेस तेल ५, अँटिऑक्सिडंट १.५, ओझोनपासून वाचवणारं मेण १.५, गंधक २, एमबीटीएस १, टीएमटीडी ०.१५ (हे शेवटचे दोन अॅक्सिलरेटर, म्हणजे शिजण्याचा वेग वाढवणारे). सोलला ७० भाग नैसर्गिक आणि ३० भाग पॉलिब्युटाडाइन रबर, एचएएफ जातीचं कार्बन ब्लॅक ४५ ते ५०, व्हायटिंग अगदी थोडं किंवा नाहीच. पॉलिब्युटाडाइनमुळे झीज कमी होते आणि थंडीत सोल मऊ राहतो.

दोन्ही एकाच भट्टीत, एकाच वेळात शिजणार आहेत हे विसरू नका. सोल जाड, उष्णता आत जायला वेळ लागतो. वरचा भाग पातळ, झटपट शिजतो. म्हणून सोलच्या मालाला अॅक्सिलरेटर थोडा तेज लागतो. सगळ्याला एकच मात्रा दिली तर सोल मध्ये कच्चा राहतो. तो कापून अंगठ्याने दाबला तर खळगा तसाच राहतो आणि कच्च्या गंधकाचा वास येतो.

मेचं म्हणाल तर इंदुरात ४२ अंशांत टाकीतलं पाणीच इतकं गरम असतं की रोल थंड होत नाहीत. गंधक आणि अॅक्सिलरेटर पहिल्या फेरीत घालूच नका. बाकी सगळं घालून शीट काढा, पाण्यात गार करा, रात्रभर टांगा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंड मिलवर गंधक द्या. माल १०० अंशांवर गेला की धोका सुरू. शीट संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसू लागली, चिकटपणा गेला, बारीक गाठी आल्या, म्हणजे जळायला, भट्टीआधीच शिजायला, लागला. जळलेला माल परत येत नाही. पाच टक्क्यांपर्यंत सोलमध्ये मुरवता येईल, वरच्या भागात कणभरही नको. टीएमटीडी कमी करा, आणि तरी भागत नसेल तर पीव्हीआय नावाचा रिटार्डर (शिजणं लांबवणारा) ०.१ ते ०.२ भाग.

आइस्क्रीमच्या शीतकक्षात उणे २० अंशांवर माणसं काम करतात. पीव्हीसी स्वस्त पडतं. रबर की पीव्हीसी की पीयू (पॉलियुरेथेन)?
— एक खरेदी अधिकारी, वडोदरा

पीव्हीसी या कामाला नको. साधं पीव्हीसी शून्याखाली थोडं गेलं की कडक होत जातं आणि घोट्याच्या घडीवर चिरतं. नैसर्गिक रबर उणे २० ला लवचीक राहतं. ते काचेसारखं ठिसूळ होतं ते उणे ७० अंशांजवळ. पण उणे २५ च्या आसपास बराच वेळ पडून राहिलं तर त्यात स्फटिक तयार होऊन ते ताठतं, म्हणून बूट शीतकक्षात ठेवून घरी जाऊ नये. शिवाय मलईची चरबी नैसर्गिक रबराला फुगवते. दुधाच्या चरबीचं काम असेल तर फोम केलेला पीयू बूट सरस: हलका, आणि त्याच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे असल्याने स्वतःच गरम. घेताना एकच विचारा, पीयू पॉलिइथर जातीचं आहे की पॉलिएस्टर जातीचं. पॉलिएस्टर जातीचं पीयू दमट उष्ण हवेत काही वर्षांत भुसभुशीत होतं, न वापरता खोक्यात ठेवलं तरीसुद्धा. वडोदऱ्याचा पावसाळा त्याला चांगलाच पुरतो.

बुटावर आयएसओ २०३४५ (सुरक्षा बुटांचं आंतरराष्ट्रीय मानक) बरोबर ‘सीआय’ ही खूण असेल तर तळ थंडीपासून तपासलेला आहे असा अर्थ. चाचणीत बूट उणे १७ अंशांत अर्धा तास ठेवतात आणि इनसोलवरचं तापमान १० अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये. अर्धा तास, आठ तास नव्हे. पाळीत बाहेर येण्याची विश्रांती त्या खुणेने माफ होत नाही.

गेल्या हिवाळ्यातले रबरी बूट काढले. एका जोडीवर पांढरी भुकटी आहे, दुसरी आतून चिकट झाली आहे, बाहेरून ठणठणीत. दोन्ही फेकून द्यायचे का?
— लष्कर, ग्वाल्हेर

पांढऱ्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडा. पांढरेपणा विरघळून गेला तर ते मेण आहे, मुद्दाम घातलेलं. बाहेर येऊन ओझोनपासून रबराला वाचवतं. तसंच राहू द्या. गेला नाही तर तो जादा गंधक, कारखान्याची चूक. पुसून वापरा, बूट टिकेल.

दुसरी जोडी मात्र गेली. आतून चिकट, बाहेरून ठीक, याचा संशय अस्तरावर जातो. रंगातलं तांबं किंवा मँगनीज कापडात राहिलं असेल तर ते रबराची साखळी तोडतं, आणि रबर गुळाच्या पाकासारखं होतं. त्याला औषध नाही. उत्पादकांनीही हे वाचावं: निळं-हिरवं स्वस्त अस्तर घेण्याआधी कापड पुरवणाऱ्याकडून तांबं आणि मँगनीजची चाचणी लेखी मागा. पितळी हूक आणि आयलेटही त्याच कारणाने रबरात थेट बसवू नयेत.

गळतीची तपासणी प्रत्येक बुटाची करायची की नमुन्याची? आयएसआय लागतं का?
— पोलोग्राउंड, इंदूर

प्रत्येक बुटाची. वरचं तोंड रबरी बुचाने बंद करा, आत ०.१ किलो हवा, पाण्यात अर्धा मिनिट. बुडबुडे बहुतेक वेळा तीनच जागी निघतात: चवड्यावर कडेच्या पट्टीचा जोड, टाचेची मागची पट्टी आणि घोट्याची घडी. जास्त दाब देऊ नका, चांगला जोडही उचलला जातो. तपासणी फेल्टचा मोजा घालण्याआधी, आणि बूट फर्म्यावरून काढून पूर्ण गार झाल्यावर. कोमट रबर बारीक भोकं मिटवून घेतं.

औद्योगिक रबरी गमबुटांचं भारतीय मानक आयएस ५५५७, पीव्हीसीचं आयएस १२२५४. सर्व-रबरी पादत्राणांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश आलेला आहे. लघु आणि सूक्ष्म उद्योगांच्या सवलती व तारखा बदलत आल्या आहेत, तेव्हा यंत्राची ऑर्डर देण्याआधी भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा आदेश वाचा.

भिजलेले बूट हीटरसमोर वाळवले तर चालतील का?
— एका शेतकऱ्याच्या पत्नी, महू

नको ताई. आतला मोजा काढून वेगळा टांगा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. हीटरने रबर वरून कडक होतं आणि घडीवर चिरतं, आतली ओल मात्र तिथेच राहते. मोज्यांच्या दोन जोड्या ठेवा, एक पायात, एक दोरीवर.